अंगणातल्या टाकीचं झाकण

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा बघू. मी संडासाच्या टाकीचं जुनं झाकण आहे, हे खरं. पण इतकी वर्षं मी जे दाबून ठेवलं ते वर आलं असतं, तर तुमचं रुमालावर भागलं नसतं.

माझा जन्म याच अंगणात झाला. घराचे मालक गवंडी होते. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणतो. लोकांची घरं बांधून उरलेल्या वेळात त्यांनी स्वतःचं घर बांधलं आणि सगळ्यात शेवटी मला घडवलं. लाकडी चौकटीत सळ्यांची जाळी, वर खडी-सिमेंटचा माल आणि उचलायला दोन लोखंडी कड्या. पुढे पंधरा दिवस ते ओलं पोतं टाकून मला पाणी मारत होते. काकू म्हणाल्या, एवढे लाड पोरांचेही केले नाहीत. मी तेव्हा जरा फुगलोच.

आमच्याकडे नळ नव्हता. विहिरीचं पाणी पंपाने घरात चढायचं आणि संडासातलं पाणी माझ्याखाली यायचं. गाळ तळाशी बसायचा, वरचं पाणी शोषखड्ड्यात मुरायचं. दर तीन वर्षांनी काका पहारीने मला सरकवायचे, लांब काठीला फडकं गुंडाळून आत बुडवायचे आणि गाळ कुठवर चढलाय ते बघायचे. मुलं जवळ फिरकली तर त्यांची खैर नसे. मग मैला उपसणारी गाडी यायची. त्या दिवशी काकू दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि संध्याकाळपर्यंत काकांशी अबोला धरायच्या, जणू वास त्यांनीच केला होता. एरवी मुलगी माझ्यावर खडूने घरं आखून खेळायची, मुलगा सायकल उलटी ठेवून चेन बसवायचा. फार सुखाचे दिवस होते ते. आठवले की अजून गहिवरून येतं.

काकूंच्या डोळ्यांत मात्र मी सलायचो. पाहुणे आले की माझ्यावर कुंड्या यायच्या, पाहुणे गेले की काका त्या उचलायचे. शेवटच्या आजारपणात काकांची खाट ओसरीवर होती. तिथून ते काकूंना म्हणाले, "झाकणावर काही घालू नकोस. दिसत राहिलं तर लक्षात राहील." काकू हो म्हणाल्या.

काका गेल्यावर वर्षभरात मुलीचं लग्न ठरलं. बोलणी करायला व्याही अंगणात बसणार होते. मुलगा तेव्हा दूरच्या शहरात नोकरीला. काकूंनी फरशीवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या कड्या आडव्या दाबल्या आणि वरून चकचकीत फरशी बसवली. मित्रांनो, मी दिसेनासा झालो.

अकरा वर्षं गेली. मुलगा बायको-बाळाला घेऊन घरी राहायला आला. फरशी घालताना टाकी घरामागे कुठेतरी हलवली असेल, अशी त्याची समजूत. सून बाळाला पुसायचे ओले कागद संडासात टाकायची. तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याखाली गाळ चढत चढत नळीच्या तोंडाशी आला, तिथून शोषखड्ड्यात गेला आणि शोषखड्डा तुंबला. आधी संडास गुरगुरायला लागला. मग एका सकाळी विहिरीच्या पाण्याला वास आला, आणि बाळाचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी ते पाणी बंद करायला सांगितलं. मुलगा हात टेकून म्हणाला, टाकी सापडली नाही तर विहीर बुजवू, घराला कुलूप लावू आणि शहरात जाऊ. दोन ट्रंका भरूनही झाल्या.

प्लंबर आला. त्याने घरामागे तीन खड्डे खणले, तिन्हीत नुसती माती. काकू स्वयंपाकघराच्या दारात मूग गिळून उभ्या होत्या. चौथा खड्डा सुरू झाला तेव्हा त्या बाहेर आल्या.

"तिकडे नाही ती. पुढच्या अंगणात आहे," त्या मुलाला म्हणाल्या. "मीच झाकली. व्याह्यांपुढे लाज वाटत होती. तुझ्या बाबांना दिलेला शब्द मी मोडला रे."

मुलाने त्यांना हाताला धरून पुढे आणलं. विहिरीच्या कठड्यापासून फाटकाकडे सरळ बावीस पावलं, असं काका सांगायचे. काकू मोजत चालल्या. तिथली फरशी फोडली, तर खाली मातीच. मी आतून ओरडत होतो, अहो, जरा पुढे या! काकू खाली बसल्या. मग एकदम मुलाकडे बघून म्हणाल्या, "ती पावलं त्यांची होती, माझी नव्हेत. तू चाल. तुझ्या ढांगा त्यांच्यासारख्याच आहेत."

मुलगा कठड्यापाशी गेला आणि निघाला. एकेक पाऊल जवळ येत होतं. बाविसावं माझ्या छातीवर पडलं. मित्रांनो, मला वाटलं, काकाच आले.

टाकी उपसली, शोषखड्डा नवा केला, विहीर उपसून तिच्यात औषध टाकलं. पाणी तपासून चांगलं ठरेपर्यंत सगळे बाहेरून आणलेलं पाणी पीत होते. पाणी चांगलं असल्याचा कागद आला त्या दिवशी काकूंनी स्वतः ट्रंका रिकाम्या केल्या.

परवा व्याही, विहीणबाई आणि जावई आले होते. काकूंनी खुर्च्या माझ्याभोवतीच मांडल्या. एवढ्या छान फरशीत हे काय, असं विहीणबाईंनी विचारलं.

"आमच्या संडासाची टाकी," काकू म्हणाल्या. "दर तीन वर्षांनी उपसतो. तुमची कुठे आहे?"

विहीणबाईंनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई चहात साखर ढवळत बसला. अखेर व्याही हळूच म्हणाले, आमच्या वडिलांना ठाऊक होतं, पण त्यांना विचारायचं राहून गेलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही विहीर आणि टाकी असेल, तर आमची लाज बाळगू नका, आम्हाला झाकू नका. टाकी कुठे आहे, शेवटची कधी उपसली, ते आजच विचारून घ्या. ज्यांना माहीत आहे, ते घरात आहेत तोवर विचारा.