ड्रुसिलाने भरलेलं रिव्हॉल्वर

हायरम टकेटने रिव्हॉल्वर क्रेब्सच्या टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काही काढला नाही.

क्रेब्स हा साल्ट फोर्क गावातला एकमेव बंदूक-कारागीर. म्हातारा जर्मन माणूस, बोलायला तिखट. त्याने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग हायरमकडे. "द्यायला आणलंयस की नुसतं दाखवायला?"

हायरमने सांगितलं, बदलून हवंय. दारू ठासायची भानगड नको, पितळी काडतुसं चालतील असं करून दे.

हायरमला हात एकच होता. डावा लढाईत गेला, खांद्याजवळून. एका हाताने मेंढरं राखता येतात, लाकडंही फोडता येतात, पण जुन्या तऱ्हेचं रिव्हॉल्वर भरता येत नाही. प्रत्येक कप्प्यात दारू ओतायची, वर लोकरी कापडाची चकती, त्यावर शिशाची गोळी. ती दांडीने ठासायची, तोंडाला मेण आणि चरबी लिंपायची, मागे बार पेटवणारी तांब्याची टोपी बसवायची. हे सगळं ड्रुसिला करायची, त्याची बायको. तो मेंढरं घेऊन निघाला की ती टेबल पुसून कामाला बसायची. पाच कप्पे भरायची. रिव्हॉल्वरच्या घोड्याखालचा सहावा रिकामा, म्हणजे धक्का लागून बार उडायला नको. तो परत यायचा तेव्हा रिव्हॉल्वर खुंटीवर असायचं आणि कॉफी चुलीवर.

पानगळीत तिला ताप आला आणि त्यातच ती गेली. रिव्हॉल्वर खुंटीवर भरलेलंच राहिलं.

आता मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि लांडगे रोज येत होते. हायरम रिव्हॉल्वर कमरेला लावून कुंपणापर्यंत जायचा आणि पातेलं बडवून, घसा फाटेस्तोवर ओरडून परत यायचा. बार टाकायचा नाही. टाकला की तिने भरलेलं संपलं. त्या हट्टापायी तो रोज कोकरं गमावत होता. आज पहाटे एक मेंढी आपलं पिल्लू हुंगत शोधत फिरताना दिसली. पिल्लू कुठेच नव्हतं. तेव्हा त्याने घोड्यावर खोगीर टाकलं, कळप शेजाऱ्यावर सोपवला आणि निघाला.

क्रेब्सने त्याचा हात हळूच बाजूला केला, टोप्या काढून ठेवल्या आणि सहा कप्प्यांचं चक्र उजेडात धरलं. बघता बघता त्याचा चेहरा पालटला.

"किती दिवसांचं भरलेलं आहे हे?"

"पानगळीपासूनचं."

"आणि कुठे ओल नाही, मेणाला चीर नाही. इतकी सफाई माझ्या हाताला नाही बाबा. कोण आहे हा? पाठव माझ्याकडे, उद्यापासून कामावर ठेवतो."

"ती गेली," हायरम म्हणाला.

क्रेब्सने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो बराच वेळ पुसत राहिला. मग त्याने सरळच सांगितलं. चक्राचा मागचा भाग कापावा लागणार, तिथे नवी तबकडी बसणार, म्हणजे आधी ते रिकामं करायला हवं. नको असेल तर हे तसंच घरी ने, मी तुला दुसरं नवं देतो.

हायरमला मोह झाला. पण रिव्हॉल्वरला जोडलेली ठासायची दांडी तिच्या अंगठ्याने घासून चकचकीत झाली होती, आणि दुसऱ्या रिव्हॉल्वरला तिचा हात लागलेला नसणार. तो म्हणाला, "हेच कर."

टोप्या परत बसवून दोघं दुकानामागे मातीच्या ढिगापाशी गेले. पहिला बार उडाला आणि पांढरा धूर पसरला. त्यात चरबीचा आणि मेणाचा वास होता, तिच्या ॲप्रनला यायचा तसा. धूर विरेपर्यंत हायरम थांबला. मग दुसरा टाकला. तिसरा. चौथा. एकही फुसका निघाला नाही.

पाचव्याला ओढलेला घोडा त्याने हलकेच खाली सोडला. "हा नाही उडवत."

क्रेब्सने रिव्हॉल्वर हातात घेतलं. आत नेऊन त्याने टोपी काढली, टोपी बसते ती मागची बोंडी फिरवून काढली आणि बारीक सळीने सगळं पुढे ढकललं. टेबलावर गोळी पडली, दारू सांडली आणि त्यात एक कापडी चकती. क्रेब्सने ती फुंकरली. एक बाजू काळी पडली होती, दुसरी निळी होती.

हायरमने ती उचलली आणि अंगातल्या जुन्या लष्करी कोटावर ठेवली. तेच कापड.

लढाईहून परतला तेव्हा हा कोट त्याने तिच्यापुढे फेकला होता. डावी बाही काप आणि जाळून टाक, मला डोळ्यांसमोर नको. तिने बाही कापली, खांदा शिवून घेतला, आणि पुढे तो विषय कधी निघाला नाही. बाही जळाली असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आणि लांडग्यांवर त्याने टाकलेल्या प्रत्येक बारात त्या बाहीचा तुकडा होता. रिकामी लोंबणारी बाही तिने कामाला लावली होती.

त्याने हे क्रेब्सला सांगितलं, जमेल तसं.

"जाळ म्हणून सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं."

"म्हणजे बायको ऐकत नव्हती तुझं."

"कधीच नाही," हायरम म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी हसला. हसता हसता त्याला खाली बसावं लागलं. क्रेब्सने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि उगाच कानशी शोधायला मागे गेला.

काम झाल्यावर क्रेब्सने त्याला समोर बसवून भरायला लावलं. हायरमने रिव्हॉल्वर गुडघ्यांत धरलं, बाजूची नवी झडप अंगठ्याने उघडली आणि काडतूस आत सरकवलं. जमलं. तसं करत त्याने पाच भरली.

"सहावंही बसेल," क्रेब्स म्हणाला.

"ते रिकामं ठेवायचं. घरची पद्धत आहे."

त्याने खिशातून निळी चकती काढली आणि त्या सहाव्या कप्प्यात बोटाने दाबली. त्याच मापाने कापलेली, घट्ट बसली. कप्पा घोड्याखाली आणून त्याने झडप लावली.

"काडतुसाला चकती लागत नाही रे," क्रेब्स म्हणाला.

"माहीत आहे."

 हायरमने रिव्हॉल्वर कमरेला लावलं आणि तो घोडा सोडायला गेला. अंधार पडायच्या आत कळपापाशी पोचायचं होतं.