भोंग्यानंतरचे शब्द

"चपला पाहू नका! भिंतीले हात लावून खाली उतरा!"

देवाजींचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या तुमसरच्या मुलींच्या वसतिगृहात गाद्यांची खोली पेटली. धुराचा भोंगा वाजला, पण एकही मुलगी हलली नाही. आजूबाजूच्या राईस मिलांचे भोंगे दिवसभर वाजतात. त्यांतलाच एक, असं त्यांना वाटलं. मी त्यांची अधीक्षिका, मलाही तसंच वाटलं. चौकीदार देवाजी तेवढे ओरडत तिन्ही मजले चढले. देवाच्या कृपेनं सगळ्या पोरी सुखरूप उतरल्या. धुरानं देवाजींचा घसा मात्र बसला तो बसलाच. आता ते पवनीला लेकीकडे असतात.

यंदा भोंग्याला बोलता आवाज जोडायचं ठरलं. राजकुमार मेकॅनिकनं यंत्रात आधीच भरलेला एका बाईचा हिंदी आवाज ऐकवला. पोरी खिदळल्या, "गाडी कोनत्या फलाटावर येऊन राहिली जी?"

मी देवाजींना फोन लावला.

"माह्या गळ्यातून आता काय निघते, बाई?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुमीच बोला."

"माझा आवाज तर आरतीतही ऐकू जात नाही हो."

"बोला त सही. अन् पोरी उतरल्या का मले येऊन सांगजा. फोनवर नोको. तुमचं तोंड पाहूनच समजन मले."

"येते," मी म्हणाले.

आवाज भरताना राजकुमार वैतागला. "मॅडम, जरा जोरानं. आग लागली आहे, प्रसाद नाही वाटून राहिल्या तुम्ही!"

चौथ्या खेपेला जमलं. पण मनात धाकधूक होती. माझ्या आवाजावर पोरी उठल्या नाहीत तर? आता वर धावायला देवाजी नाहीत.

गुरुवारी सकाळी सातला, कुणाला न सांगता, राजकुमारनं बटण दाबलं. मी तुळशीपाशी होते. उठल्यापासून पूजा होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. भोंगा वाजला. कुणी आलं नाही. मग भिंतीवरून माझाच आवाज आला, "मुलींनो, आग लागली आहे. सामान राहू द्या. जिन्यानं खाली या."

धाडधाड दारं उघडली. दोन मिनिटांत अंगण भरलं. रुचिता तर तोंडाला साबण तसाच घेऊन आली.

"बाई, भोंगा त मिलचाच वाटला," ती धापा टाकत म्हणाली. "पन तुमचा आवाज आयकला अन् धस्स झालं. पूजेच्या आंधी तुम्ही कधी बोलता का? म्हटलं, खरंच पेटलं!"

"बोलल्या कुठं? अजून चूपच आहेत," आमची स्वयंपाकीण चंदा म्हणाली. "जाय, तोंड धू आधी."

मला हसू आलं, डोळेही भरले. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसते हात जोडले. इतक्या वर्षांचा माझा साधा नेम, देवानं तो असा कामी लावला.

दुपारी राजकुमारनं पुन्हा बटण दाबलं. पोरी कुरकुरल्या, पण तेव्हाही सगळ्या उतरल्या.

मग मी पिशवीत थोडा गूळखोबऱ्याचा प्रसाद घेतला, चंदाकडे किल्ल्या दिल्या आणि भंडाऱ्याच्या बसला निघाले. तिथून पवनीची गाडी मिळते.