पाटीवरचे सोळाजण

किल्ल्याकडे जाणारी दगडी वाट ओहोटीला वर यायची, शेवाळानं बुळबुळीत, आणि तीन तासांनी पुन्हा पाण्याखाली जायची. एकोणीस वर्षं ती आणि तिचा नवरा पर्यटकांना त्या वाटेनं नेत होते. ती सगळ्यांत पुढे, नवरा सगळ्यांत मागे. कुणी फोटो काढत रेंगाळलं की तो म्हणायचा, "उरका हो, समुद्र काही आपल्या घरचा नाही!"

निघताना धक्क्यावरच्या पाटीवर खडूनं आकडा लिहायचा आणि परतताना किल्ल्याच्या दारात माणसं मोजायची, हा दोघांचा नेम. आकड्यात ते दोघंही धरलेले असत.

चार महिन्यांपूर्वी तो झोपेतच गेला. आज तिची त्यानंतरची पहिली फेरी होती. कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी होती, हसरी, बडबडी.

परतीच्या वेळी दारात तिनं मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"एक कमी आहे."

"मावशी, स्वतःला मोजलंत का?" टोपीवाले गृहस्थ म्हणाले. सगळे खो खो हसले.

"मोजलं. पंधरा होतात. पाटीवर सोळा लिहून निघालो होतो."

"आमचे तर सगळे आहेत बाई," त्यांची बायको म्हणाली. "निघताना मोजलंत तेव्हा दुसरंच कुणी आमच्यात घुसलं असेल."

तसं पूर्वी दोनदा झालं होतं. अशी माणसं नवऱ्याच्या नजरेतून सुटत नसत. आज मागे बघायला कुणी नव्हतं.

वाट बुडायला पस्तीस मिनिटं होती. "तुम्ही निघा. दगडांच्या मधोमध चाला. टोपीवाले, तुम्ही शेवटी राहा," असं सांगून ती एकटीच आत वळली.

तिनं तोफांचा बुरूज पाहिला, कोरडं टाकं वाकून पाहिलं, दारूकोठारात डोकावली. "अहो, कोण राहिलंय? पाणी चढतंय!" आतून तिचाच आवाज परत आला. पायऱ्या चढून तिला धाप लागली. कुणी पडलं असेल, पाय मुरगळला असेल, ओ द्यायचंही भान नसेल.

दाराच्या आतल्या बाजूला एक सपाट दगड होता. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत नवरा त्यावर बसून राहायचा. दगडाच्या फटीत अजून त्याच्या शेंगदाण्यांची टरफलं होती.

ती तिथंच थांबली. पाहुणे चौदा. एक ती. पंधरा. सोळावा कोण, ते तिला कळलं.

ती थोडा वेळ त्या दगडावर बसली. मग पाण्याचा आवाज जवळ आला, तशी उठली.

परतताना पाणी गुडघ्यापर्यंत होतं; लाटांनी बाह्याही भिजवल्या. धक्क्यावर मंडळी ताटकळत उभी होती.

"काय मावशी, सापडला का तो?"

"कुणी नव्हतंच. बेरीज माझी चुकली."

"घ्या! म्हणजे उगाच भिजलात." टोपीवाले हसले, मग तिच्याकडे बघून म्हणाले, "चहा घेणार का? चला ना आमच्याबरोबर."

"तुम्ही व्हा पुढे."

मंडळी गेली. तिनं ओल्या बाहीनं सोळातला सहा पुसला आणि पाच काढायला गेली. ओल्या पाटीवर खडू उमटेना. पाटी वाळेपर्यंत ती खडू हातात धरून उभी राहिली.