सासूच्या उठाबशा

नवरा गेल्यापासून सिद्धम्माला रडू आलं नव्हतं, आणि हसूही नाही. चन्नप्पाला माती दिली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मुलाने, शिवाप्पाने, तिच्या हातातला झाडू काढून घेतला. "माय, आता बसून खायचं. लय केलंस." चुडाव्यात किराणा दुकान चालवणाऱ्या माणसाची आई झाडलोट करते म्हणजे काय! सिद्धम्मा बसली. वर्षभर बसली. काही वाटतच नव्हतं, तेव्हा उभं राहिलं काय नि बसलं काय.

मग सन पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात एकदा ती टमरेल घेऊन माळावर गेली, ती बसल्या जागेवरून उठेचना. सून शांतम्माने काखेत हात घालून उचललं. त्या दिवसापासून रोजच उचलावं लागलं. पासष्टीच्या बाईला परसाकडेलाही दुसऱ्याचा हात लागावा, याची लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

शिवाप्पा तिला पॅसेंजरने पूर्णेला भगवानराव डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी लघवी तपासली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, आपली दोन बोटं तिच्या मुठीत दिली. "दाबा." तिने दाबली, डॉक्टर आपले वाट बघत राहिले. मग त्यांनी तिची मांडी चाचपली आणि खाते काय म्हणून विचारलं.

"चहात टोस्ट बुडवून. नाहीतर मऊ भात," शिवाप्पाने कौतुकाने सांगितलं. "चावायचा बी तरास न्हाई."

"हात न टेकता स्टुलावरून उठा, आजी."

शिवाप्पा पुढे झाला. "तुम्ही नाही. त्या," डॉक्टर म्हणाले. सिद्धम्मा जराशी हलली आणि तिथेच बसली.

"रोग काही सापडत नाही. वयानं मांस उतरतंच, पण यांचं तुम्ही बसवून बसवून उतरवलंय. घट्ट वरण, दूध, दही, शेंगदाण्याचं कूट द्या. आणि रोज उठाबशा. आधी खाट धरून, मग हात सोडून. महिन्यानं आणून दाखवा."

"एखादं सलाईन लावा की, साहेब."

"सलाईननं पायात जोर येत नाही."

शिवाप्पा हिरमुसला. उठाबशा म्हणजे शाळेत मास्तर पोरांना काढायला लावतात त्या. जन्मदात्या आईला त्या सांगायच्या कुणी? येताना त्याने टॉनिकची बाटली घेतली आणि विषय संपवला.

शांतम्माने संपवला नाही. नवरा दुकानात गेला की ती दाराला कडी लावायची, सासूला वाटीभर वरण प्यायला लावायची आणि खाटेसमोर ठाण मांडायची. "उठा, आत्याबाई. आनिक एकदा. रोज कोन उचलायचं तुमाला?" सिद्धम्मा उठायची, बसायची. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. सांगितलं, केलं. दिवाळीपर्यंत खाटेवरून ती आपली आपण उठू लागली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

शेजारच्या कस्तुराबाईचे कान मात्र शाबूत होते. सून कडी लावून सासूला उठाबशा काढायला लावायलीय, ही बातमी संध्याकाळपर्यंत दुकानात पोचली. शिवाप्पा तराजू तसाच टाकून घरी आला. मागोमाग कस्तुराबाई, आणि तिच्या मागे अर्धी गल्ली.

"कपडे भर तुझे," तो बायकोवर ओरडला. "उद्याच्या गाडीनं माहेरी. घरान्याचं नाव घालवलंस!"

"डाक्टरनं सांगितलं तेच करायलेय," शांतम्मा म्हणाली. पण ऐकतंय कोण! सगळ्यांना सासूची कीव येत होती आणि सासूला कुणी काही विचारत नव्हतं. सिद्धम्मा ओसरीवर, जमिनीवर बसली होती. आत सून ट्रंकेत लुगडी टाकत होती. उद्या ही नसेल, असं तिच्या मनात आलं. परवाही नसेल. शिवाप्पा प्रेमाने मऊ भात कालवून देईल. कितीतरी दिवसांनी तिला भीती वाटली, आणि संताप आला.

तिने जमिनीला हात टेकले. पाय लटपटले. "माय, पडशील!" म्हणत शिवाप्पा धावला.

"सरक तिकडं."

ती उठली. सगळ्यांच्या देखत पुन्हा खाली बसली, आणि पुन्हा उठली. कस्तुराबाईने पदर तोंडाला लावला.

"हिला माहेरी धाडतूस?" सिद्धम्मा धापा टाकत म्हणाली. "धाड. पन मंग या घरात मला उठ म्हननारं कोन हाय, तेवढं सांग."