दुपारी येणारा

गावाला महादेवराव देशमुख परत हवा होता, आणि तो यायचा की नाही हे माझ्या अंगठ्यावर अडलं होतं. हसू येतं. ज्या हिवरगावाने सात वर्षांत या विधवेला कधी बोलावून पाट मांडला नाही, ते सगळं गाव त्या मार्गशीर्षात माझ्या ओट्यावर येऊन बसलं. कोणी हुरडा आणला, कोणी गुळाची ढेप. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. माझी तर गरज आत्ता लागली होती.

महादेवराव चौदा गावांचा देशमुख. त्याच्या अमलात चोराची छाती नव्हती आणि गरिबाचीही नव्हती. सात वर्षांपूर्वी वैशाखात त्याने गढीचा बुरूज बांधायला काढला आणि दगड ओढायला घरटी एक बैलजोडी वेठीला मागितली. माझ्या नवऱ्याने, वामनने, दिली नाही. एक बैल लंगडत होता, एवढंच. देशमुखाने त्याच्या पाठीवर दगड देऊन त्याला गढीपुढे उन्हात उभं केलं. सगळं गाव बघत होतं. तिसऱ्या प्रहरी तो पडला तो उठलाच नाही. मी बहिणीच्या लग्नाला अंजनगावला, माहेरी. निरोप मिळून येईपर्यंत राख सावडून झाली होती. मला त्याचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

मी अकोल्याला जाऊन फिर्याद दिली. तिथल्या इंग्रज साहेबाने देशमुखाला जिल्ह्याबाहेर काढलं. पाच वर्षं तो निजामाच्या मुलखात कुठेकुठे भटकला, मग अमरावतीला येऊन राहिला. अकोल्याच्या हद्दीत पाऊल टाकायची त्याला बंदी होती.

मधल्या काळात सातासमुद्रापार कुठे लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आल्या. मागोमाग लुटारूही आले. अमरावतीच्या वाटेवर गाड्या अडवून लुटू लागले. मग लोकांना देशमुख आठवला. गावाने अर्ज केला, आणि साहेबाने लिहिलं की फिर्यादी बाई राजी असेल तर येऊ द्या.

"वयनी, सात वर्षं झाली," माझा दीर खुशाल म्हणाला. "माणूस बदलला म्हणतात. द्या ना अंगठा."

"तुमच्या भावाले मारलं त्यानं, भाऊजी."

"मले का ठाव नाही?" तो खाली बघत म्हणाला. "पण गाड्या लुटून राहिले न."

मी म्हटलं, आधी त्याला डोळ्यांनी पाहीन, मग बोलेन. खुशालच्या गाड्या कापूस घेऊन निघाल्या, त्यांच्यावर बसून चौथ्या दिवशी मी अमरावतीला पोचले.

कापसाच्या बाजारात मी त्याला शोधत होते ते शालजोडी आणि मिशा बघत. सापडला तो हौदापाशी. गाड्यांचे बैल सोडून एकेकाला पाण्यावर नेणारा, हडकलेला, अनवाणी म्हातारा. चौदा गावांचे बैल वेठीला धरणारा माणूस बैलांच्या पाठीवर हात फिरवत होता. मला पाहून त्याने ओळखलं. पळाला नाही, पाया पडला नाही.

"वामनाची तानू," तो म्हणाला. "बस. आता येईलच तो."

"कोण?"

ऊन डोक्यावर आलं होतं. बाजारात माणसं आणि बैल सावलीला बसले. हौदाच्या पलीकडे एक उघडी जागा होती, पांढरी फटफटीत. देशमुखाने पाण्याचा लोटा भरला, तिथे नेऊन ठेवला आणि चार पावलं मागे येऊन हात जोडून उभा राहिला. दिवसाढवळ्या माझ्या अंगावर काटा आला.

"रोज येतो," तो हळूच म्हणाला. "हैदराबादेत यायचा, अठीही येतो. बोलत नाही. उभा राहतो फक्त. पाणी पीत नाही."

नाटक करतो आहे, असं मला वाटलं. मी दात खाऊन विचारलं, "कसा उभा राहतो?"

"वाकलेला. डोक्यावर पागोटं नाही. अन् उजव्या पायाचा अंगठा मातीत रोवून असते. सारखा मातीत खुपसते."

रागावला की वामन तसंच करायचा. चुलीपुढच्या सारवणाला त्याच्या अंगठ्याने खळगा पडायचा आणि मी ओरडायची. हे बाहेरच्या कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी त्या उघड्या जागेकडे डोळे फाडून पाहिलं. लोटा होता, ऊन होतं.

काय वाटलं ते सरळ सांगते. दया नाही आली. मला मत्सर वाटला. सात वर्षं मी दाराला कडी घातली नाही, त्याचं ताट वाढून बसले, आणि तो रोज भेटायला जातो कोणाला, तर आपल्या मारेकऱ्याला!

"मले काहून दिसत नाही तो?" मी विचारलं.

"तुह्याशी त्याचं भांडण नाही," देशमुख म्हणाला आणि रडू लागला. खरं रडणं होतं ते, खोटं नव्हतं.

परतीच्या वाटेवर माझं ठरलं. देशमुख गावात आला तर त्याच्या मागे वामनही येईल. घर तरी त्याचं आहे. कधीतरी माझ्याकडे वळून बघेल. असला वेडा हिशोब मी कोणाला सांगणार? गावाला वाटलं, तानूने माफ केलं.

अकोल्याच्या कचेरीत मुन्शी गयासुद्दीनने कागद वाचून दाखवला. मी अंगठा पुढे केला, तर त्याने शाई मागे ओढली.

"बाई, खरंच बदलला का तो?"

"बदलला. म्या पाह्यलं."

"परदेसात सगळेच गरीब गाय असतात," मुन्शी म्हणाला. "घरी आल्यावर पाहावं लागते." पण शाई त्याने पुढे केली.

माघात देशमुख आला. वाजंत्री होती, पण तो मान खाली घालून चालला. गढीच्या ओट्यावर बसायच्या आधी माझ्या दारात येऊन त्याने उंबऱ्याला डोकं लावलं. मी रोज दुपारी गढीपुढच्या कडूलिंबाखाली जाऊन बसू लागले. लोकांना वाटे, बाईला चळ लागला.

"आला का, मालक?" मी विचारायची.

"आला. थो पाह्य, त्याच जाग्यावर."

मी त्या जागेकडे बघायची. दिसत काहीच नव्हतं, पण तो तिथे आहे एवढ्यानेही माझं पोट भरायचं. मी वामनला घरच्या गोष्टी सांगायची. बैल विकले, विहिरीला पाणी लागलं, तुमचा भाऊ बरा आहे. आठ-दहा दिवस मी पुन्हा संसार केला म्हणा ना.

मग कामं आली. बांधाची भांडणं, सासू-सुनांची भांडणं, सगळं ओट्यावर येऊ लागलं. देशमुखाने गाड्यांचा तांडा बांधला. पुढे त्याची गाडी, मागे गावाच्या, बाजूला भालेवाले. एकट्याने कोणी निघायचं नाही, असा हुकूम. लुटारूंनी ती वाट सोडली. खोटं कशाला बोलू, गाव सुखाने झोपू लागलं. देशमुखाच्या पायात जोडे आले, अंगावर मांस चढलं.

एक दिवस मी विचारलं तर म्हणाला, "आज नाही आला."

दुसऱ्या दिवशी, "नाही आला."

होळीनंतर एकदा विचारलं, तर त्याने माझ्याकडे न पाहताच सांगितलं, "कामात होतो, तानुबाई. ध्यान नाही गेलं."

ध्यान नाही गेलं! वामन तिथे येऊन, वाट बघून परत गेला असेल तर? मी त्या जागेवर जाऊन माती चाचपली. खळगा नव्हता. त्या दिवसापासून गढीपुढची ती जागा मला भकास वाटू लागली, आणि भीती वाटू लागली ती आता ओट्यावरच्या माणसाची.

चैत्रात गोवर्धनने घात केला. चांगला तिशीतला गडी, घाईचा. भाव उतरणार अशी आवई उठली म्हणून तांड्याची वाट न बघता तो पहाटेच आपली गाडी घेऊन निघाला. भालेवाल्यांनी त्याला दुसऱ्या कोसावरून वळवून आणलं.

मी पाण्याला निघाले होते. गढीपुढे गर्दी दिसली. गोवर्धन उन्हात वाकून उभा होता, पाठीवर दगड. त्याच जागेवर. लोक सावलीला उभे राहून बघत होते. त्यांत खुशालही होता.

"भाऊजी, हे काय?"

"एका दिवसाचं तर हाये, वयनी," तो कुजबुजला. "एक सुटला की सारेच सुटतील. मंग वाट कोण राखंल?"

मी ओट्यापाशी गेले. देशमुख पान लावत होता.

"मालक, तुमी रडले होते माह्यापुढे."

"हाव. अजूनही रडतो कधीकधी," तो शांतपणे म्हणाला. "पण हे येगळं हाये, तानुबाई. वामनाचा गुन्हा नव्हता. बैल लंगडत होता, ते मले मागून समजलं. याचा गुन्हा हाये."

सात वर्षं तो रोज दुपारी हात जोडून उभा राहिला, ते यासाठी. चुकीचा माणूस उभा केला, एवढंच त्याला छळत होतं. उभं करण्यात काही चुकलं असं त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आणि मी, मला माझा माणूस भेटावा म्हणून, गोवर्धनच्या पाठीवर तो दगड ठेवला. अंगठा माझाच होता.

मी उन्हात जाऊन गोवर्धनच्या शेजारी उभी राहिले. त्याचे ओठ सुकले होते, डोळे फिरत होते.

"तानुबाई," ओट्यावरून देशमुख म्हणाला, "तू काहून उन्हात उभी राहून राहिली? सावलीत ये, बाई."

त्याच्या आवाजात माया होती. खरी माया. तीच मला सोसवेना. मी दगडाला दोन्ही हात लावले. चटका बसला. जोर करून मी तो खाली लोटला. धूळ उडाली.

भालेवाला पुढे आला. त्याने दगड उचलून छातीशी धरला आणि ओट्याकडे बघून विचारलं, "मालक, आता कोनाच्या पाठीवर देऊ?"

देशमुखाने माझ्याकडे पाहिलं. गोवर्धनकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. लावलेलं पान त्याच्या हातातच राहिलं, आणि तो विचार करू लागला.

"चाल," मी गोवर्धनला म्हटलं.

आम्ही अकोल्याची वाट धरली. दिलेला अंगठा परत घेता येतो का, ते मुन्शीला विचारायचं होतं. गोवर्धन धडपडत मागून येत होता. आम्हाला कोणी अडवलं नाही. देशमुखाचं अजून ठरलं नव्हतं.