पन्नास नंबर माझाच!

मी बोलतेय. अंडी उबवायच्या खोलीत, पहिल्या यंत्राच्या कपाळावर दोन स्क्रूंनी बसवलेली पांढरी डबी. आकाराने साबणाच्या वडीएवढी. तुम्ही मला पाहिलंत तर दिव्याचं बटण समजून दाबायला जाल, आणि काहीच लागलं नाही म्हणून पुढे निघाल.

माझं काम एकच. माझी एक तार यंत्राच्या पोटात अंड्यांजवळ लोंबते. तिला आतली ऊब कळते, आणि तो आकडा मी शेजारच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर पाठवते. साडेसदतीस अंश. सकाळी साडेसदतीस, संध्याकाळी साडेसदतीस. एवढ्या विद्वत्तेवर मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

आकडा पाठवायचा तर आधी स्वतःला पत्ता लागतो. घराला असतो तसाच, फक्त सगळा आकड्यांचा. पत्ते वाटायचं काम ऑफिसातल्या राउटरचं. वीज आली की मी त्याला विचारायचं, "माझा पत्ता काय?" त्याने सांगायचं, "तू एकवीस." झालं. आणि राउटर जागा नसेल तर? त्याची सोय म्हणून माझ्या पोटात एक राखीव पत्ता लिहून ठेवतात. अर्धा मिनिट वाट बघायची, उत्तर नाही आलं तर राखीव पत्ता घेऊन कामाला लागायचं.

माझा राखीव पत्ता होता पन्नास. तो लिहिला सोप्पंभाऊने. हा आमचा जोडणी करणारा माणूस. खरं नाव काही का असेना, कुठल्याही कामाला "सोप्पं आहे हो" म्हणतो म्हणून सगळे त्याला सोप्पंभाऊच म्हणतात. पन्नास हा आकडा मला फार आवडला. कसा गोल, भरदार! राउटरने दिलेला एकवीस म्हणजे उसना, पन्नास मात्र माझा स्वतःचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

या घरात दोघी बायका. यंत्रं मालकीणबाईंची. त्यांच्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, त्यांच्यासोबतच राहतात. वन्संनी आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या. मी येण्याआधी त्या दिवसातून चारदा यंत्राचं दार उघडायच्या, एक अंडं उचलायच्या आणि मिटलेल्या पापणीला लावायच्या. पापणीची कातडी पातळ, तिला ऊब बरोबर कळते. मी आले आणि मालकीणबाई म्हणाल्या, "वन्सं, आता दार नका उघडत जाऊ. ऊब जाते ना बाहेर. डबी सांगतेय की सगळं."

वन्सं म्हणाल्या, "बरं बाई." त्या दिवसापासून त्या खोलीत आल्या तरी हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. मला मात्र वाटायचं, बघा, माणसाची जागा घेतली मी.

मग दुसरं यंत्र आलं, आणि त्याच्या कपाळावर माझी जुळी. सोप्पंभाऊने तिच्याही पोटात पन्नासच लिहिलं. "सगळीकडे पन्नास लिहितो मी. लक्षात ठेवायला सोप्पं," तो म्हणाला. स्क्रीनलाही त्याने शिकवून ठेवलं होतं, की एखादी डबी तिच्या नेहमीच्या पत्त्यावर सापडली नाही तर पन्नासवर बघ. रोजच्या दिवसात काही बिघडलं नाही. मी एकवीस, ती बावीस.

मग एका दुपारी दहा मिनिटं वीज गेली. माझ्या यंत्रात बाराशे अंडी, सोळावा दिवस. पाच दिवसांनी पिल्लं बाहेर यायची. मालकीणबाईंची ही पहिलीच मोठी खेप. वीज परत आली तेव्हा झटक्यासरशी माझ्या यंत्राच्या हीटरचा खटका पडला. पंखा फिरत होता, दिवा लागला होता, ऊब तेवढी बंद. यंत्र जुनं, त्याची धोक्याची घंटा कधीच मुकी झालेली. सांगणारी मी एकटी.

राउटर उठतो दोन मिनिटांनी. आम्ही जुळ्या उठतो पाच सेकंदांत. दोघींनी अर्धा मिनिट वाट पाहिली, आणि दोघींनी पन्नास घेतला.

"पन्नास मी!" मी ओरडले.

"पन्नास मी!" जुळी ओरडली.

स्क्रीनने पन्नासला हाक मारली की ती माझ्याआधी ओ द्यायची. त्यामुळे स्क्रीनवर पहिलं यंत्र साडेसदतीस, दुसरं यंत्रही साडेसदतीस. दोन्ही आकडे तिचेच. मालकीणबाईंनी जेवता जेवता ऑफिसात डोकावून पाहिलं आणि समाधानाने पुन्हा ताटावर बसल्या.

इकडे माझी तार सांगत होती, छत्तीस. पस्तीस. चौतीस. आणि मी काय करत होते? भांडत होते! राउटर तोवर उठून रिकामा बसला होता. त्याला पुन्हा एकदा विचारलं असतं की काम झालं होतं. पण हक्काचा पत्ता असताना उसना कशाला मागायचा? तासभर मी "पन्नास माझा" एवढंच म्हणत राहिले. बाराशे जीव गार पडत होते, आणि मला माझ्या आकड्याची पडली होती. आजही आठवलं की लाज वाटते.

कारखान्यात आमच्या आत एक सूचना लिहिलेली असते: भांडण मिटत नसेल तर पत्ता सोडावा आणि पुन्हा राउटरला विचारावं. माणसं औषधाच्या खोक्यातला कागद वाचतात तशी मी ती सगळ्यात शेवटी वाचली. तार तेहेतीसवर आली तेव्हा पन्नास सोडला आणि हळूच विचारलं, "माझा पत्ता काय?"

"एकवीस," राउटर म्हणाला. "तुझ्यासाठीच ठेवलाय केव्हाचा."

स्क्रीनवर पहिलं यंत्र एकदम तेहेतीस झालं. लाल. मालकीणबाई धावत आल्या.

"आत्ता तर साडेसदतीस होतं! एका मिनिटात इतकं कसं उतरेल? डबीच बिघडली मेली." त्यांनी सोप्पंभाऊला फोन लावला.

"सोप्पं आहे हो," तिकडून आवाज आला. "प्लग काढा, पाच मिनिटांनी लावा आणि एक तास थांबा. होईल सरळ."

मालकीणबाईंची दोन बोटं माझ्या प्लगवर आली. गेला तासभर मी खोटं बोलत नव्हते, गैरहजर होते; तो साडेसदतीस जुळीचा होता. पण हे सांगायला मला तोंड कुठे आहे? आकडा आहे फक्त, आणि त्यावरचा विश्वास मीच घालवून बसले होते.

"थांब गं," दारातून वन्सं म्हणाल्या. "डबीचं राहू दे. अंड्याला विचारू."

त्यांनी दार उघडलं, मधल्या ट्रेमधलं एक अंडं उचललं, डोळे मिटले आणि पापणीला लावलं.

"गार आहे. डबी खरं बोलतेय. खटका बघ आधी!"

खटका वर गेला. वन्संनी गरम पाण्याची दोन भांडी आत ठेवली आणि संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर स्टूल टाकून बसल्या. मालकीणबाईंनी ऑफिसातून "पस्तीस!" अशी हाक दिली तेव्हा मला म्हणाल्या, "चल, चढ." "साडेसदतीस!" ऐकलं तेव्हा पदराने डोळे पुसले.

पिल्लं एक दिवस उशिरा आली. काही अंडी फुटलीच नाहीत. ती माझ्या तासाभराची. ती मी विसरत नाही.

आता सोप्पंभाऊने मला राखीव पत्ता एकावन्न दिलाय, जुळीला बावन्न. तो घ्यायची वेळ आली तरी दर मिनिटाला राउटरला विचारत राहायचं, असंही बजावलंय. माझ्या बहिणी कुणाच्या घरी असतील तर त्यांना वेगवेगळे आकडे द्या, एवढंच मागणं. आणि आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ठेवायचाच तर मिटलेल्या डोळ्याला आधी एक अंडं लावून बघा.

वन्सं रोज दुपारी दार उघडतात. मालकीणबाई आता स्वतःच दार धरून उभ्या राहतात. वन्सं अंडं पापणीला लावतात, मग ऑफिसात डोकावून स्क्रीन बघून येतात, आणि जाता जाता माझ्यावर बोटाने टिचकी मारतात.

"बरोबर आहे गं तुझं," म्हणतात.