खिडकीकडची बाजू

गादीवाला शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून आकाशगंगेला टाका घालत होता. दोरा कानावर, जादा दाभण दातांत, आणि खाली मान मोडेपर्यंत वर बघत उभ्या असलेल्या संग्रहालयातल्या बाई.

आकाशगंगा दहा हात रुंद होती. तारेच्या जाळीवर पिंजलेला कापूस पसरून ती दालनाच्या छताला टांगली होती. बाईंचा सगळा जन्म तारे मोजण्यात गेलेला. सजावटवाले तीन झाले. एकाची आकाशगंगा केकसारखी दिसली, दुसऱ्याची वाटीतून सांडलेल्या साबणासारखी, तिसऱ्याचं नावच नको. शेवटी कुणीतरी सुचवलं, कापसाचं काम आहे तर कापूस कळणाऱ्याला बोलवा. म्हणून हा आला. पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला, की त्यानं एका राजासाठी इतकी मऊ गादी केली होती की राजा तिच्यात बुडाला आणि तिसऱ्या दिवशी सापडला. तोही रागावलेला, कारण झोप अर्धवट राहिली होती.

पहिला घाणा मात्र त्याचाही बिघडला. चाळीस वर्षांची सवय. हाताला खड्डा लागला की बोटं आपसूक कापूस भरायची. त्यानं आकाशगंगा अशी सपाट, भरगच्च करून दिली की कुठे बोट शिरायला जागा नाही.

"काका," बाई म्हणाल्या, "हिच्यावर कुणी झोपणार नाहीये."

मग त्यांनी त्याला खाली बसवून नीट सांगितलं. सुरुवातीला नुसता वायूचा ढग असतो, अफाट. आपल्याच वजनानं तो आत आत ओढला जातो, ओढला जाता जाता फिरतो, फिरता फिरता चपटा होतो. जिथं जरा दाट, तिथं आणखी गोळा होतं. गोळा होऊन दाबलं जातं, तापतं, आणि पेटतं. आकाशगंगेत मधूनमधून काळ्या पट्ट्या दिसतात, ती भोकं नव्हेत. तिथं धूळ आहे, आणि त्या धुळीआड नवे तारे घडताहेत.

"म्हणजे गाठी," गादीवाला म्हणाला. "आमच्याकडे गाठ झाली की गिऱ्हाईक शिव्या घालतं. तुमच्याकडे तारा होतो. धंदा चुकला माझा."

तो काळ्या पट्ट्या मोकळ्या करत गेला, आणि बाई बोलत गेल्या. एकदा त्या म्हणाल्या, की कडेचे तारे इतक्या वेगानं पळतात की हे चाक खरं तर उधळून जायला हवं. जेवढं दिसतं तेवढ्याचं वजन त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. न दिसणारं काहीतरी आहे, आणि त्यानंच सगळं सावरलंय.

"दिसत नाही, तर आहे कशावरून?"

"बाकीचे कसे फिरतात त्यावरून. ते दिसत नाही काका, पण त्याचं वजन कळतं."

गादीवाल्यानं दातांतलं दाभण काढून हातात घेतलं, आणि बराच वेळ त्याचं टोक बघत राहिला. त्या दिवशी त्यानं एकही थाप मारली नाही.

अडलं ते मधल्या गोळ्यावर. परवा दालन उघडायचं होतं. कडेला नवे तारे, निळसर; तिथं नीळ दिलेला कापूस शोभला. मध्ये मात्र म्हातारे तारे, ते पिवळसर हवेत. चहात बुडवून पाहिलं, तर चहा सांडल्यासारखंच दिसलं. हा रंग बुडवून येत नाही, गादीवाला म्हणाला. तो वर्षानुवर्षं कुणीतरी त्यावर झोपल्यावरच येतो. मग एखादं जुनं गिऱ्हाईक बघा की, असं बाईंनी सुचवल्यावर त्यानं कानाला हात लावला. ज्याचा कापूस त्याला, हा बापापासूनचा नेम. एकदा बापानं चुकून दोन गाद्यांचा कापूस मिसळला, तर एका हवालदाराला चोराची स्वप्नं पडू लागली. आठवड्याभरात तो स्वतःच्याच भिंतीवरून उडी मारताना पकडला गेला.

बाई हसल्या, पण त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. राहू दे पांढरंच, त्या म्हणाल्या; चूक राहील, पण कुणाला कळणार नाही.

"मला कळेल की," गादीवाला म्हणाला आणि दुपारच्या जेवणाला घरी गेला.

घरी एक गादी होती, त्याच्या लग्नातली. गावाच्या गाद्या पिंजणाऱ्याची स्वतःची गादी अडतीस वर्षांत पिंजलेली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याची लेक दर खेपेला म्हणायची, बाबा, पाठ धरते तुमची, पिंजून घ्या. तो दर खेपेला नवी सबब सांगायचा; मागल्या वेळी गादीत मुंगळ्यांचं लग्न होतं. खरं कारण असं की गादीत दोन खळगे होते. एक त्याचा, परातीसारखा. दुसरा खिडकीकडचा, लहानसा, पाय पोटाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाचा. ते माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्यानं कात्री घेतली. खिडकीकडच्या बाजूवर तळवा ठेवला, तसाच ठेवून थोडा वेळ बसला, मग उचलला. आणि गादी बरोबर मधोमध उसवली.

संध्याकाळी मधला गोळा जागेवर बसला. दिवे लावल्यावर बाई बरोबर त्याच्याखाली जाऊन मान वर करून उभ्या राहिल्या.

"हा रंग कुठून आणलात?"

"आहे एक म्हातारा. दिवसभर थापा मारायचा आणि रात्रभर घोरायचा."

"आणि तुमचा नेम?"

"त्याला विचारून घेतला. जरा कुरकुरला, पण दिला."

दालन उघडलं त्याच दुपारी लेक आली. पलंगाकडे बघून दारातच थबकली. पलंगावर हातभर रुंदीची गादी, एका कडेला ताजे, बारीक टाके.

"बाबा, अर्धी गादी कुठाय?"

"आकाशात."

"सरळ सांगा."

त्यानं सरळच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका अक्षराची भर न घालता. तिनं अर्थातच विश्वास ठेवला नाही. मात्र बोलता बोलता तिचा हात गादीवर गेला, खिडकीकडच्या बाजूला, आणि तिथं थांबला. पिंजायचं तिनं पुन्हा काढलं नाही. चहा टाकते म्हणाली आणि आत गेली.

गादीवाला पलंगाशी उभा राहिला. पस्तीस वर्षं त्याला रोज एकच ऐकावं लागलं होतं, अहो, सरका तिकडे, सगळी गादी तुमचीच का. आता तिकडे नुसती फळी होती. त्यानं चादर नीट केली, कडेवर टेकला आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"सरक जरा."

आत कपांचा आवाज थांबला.

मग तो अंग चोरून, एका कुशीवर, लागेल तेवढीच जागा घेत आडवा झाला.